बुद्धं म्हणण्यापूर्वी

दिनकर साळवे बुद्धाला कधी बुद्ध म्हणत नसे. ‘तथागत’ म्हणे. तेही भाषणात नव्हे, तर जिन्यात, नळावर, दूधवाल्यासमोर. “उद्या तथागतांची पौर्णिमा, एक लिटर जास्त द्या,” असे तो खीर करायच्या आदल्या दिवशी दूधवाल्याला सांगे आणि दूधवाला, हे तथागत नावाचे कोणी बडे गिऱ्हाईक असावे अशा समजुतीने, मान डोलावून जाई.

चौतीस वर्षे सरकारी कचेरीत दप्तर सांभाळल्यामुळे मला एक सवय जडली आहे. माणसाच्या तोंडी जडशीळ शब्द आला की तो काय लपवतो आहे, ते मी शोधू लागतो. साळवे काहीतरी लपवत होता, हा माझा अंदाज बरोबर ठरला. काय लपवत होता, हा अंदाज मात्र साफ चुकला.

खडकी स्टेशनच्या मागच्या बाजूला आमची तीन मजली इमारत आहे. माझ्या समोरच्या बिऱ्हाडात तो राहायला आला तेव्हा चाळिशीला टेकला होता. दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात नोकरी, अंगावर नेहमी इस्त्रीचा शर्ट, आणि बोलणे असे की तारेचे पैसे शब्दागणिक पडत असावेत. “जय भीम, काका. साळवे. समोर राहायला आलोय.” एवढी ओळख करून देऊन तो गाद्या चढवायला निघून गेला. मला तो आवडला. आमच्याकडे ओळख करून द्यायला सुरुवात केलेली माणसे आधी समित्यांची नावे सांगतात, आणि तीन माणसे जमली की चार समित्या होतात.

पण दोनच दिवसांत तो ‘तथागत’ कानावर आला आणि मी सावध झालो. शिवाय भाजीच्या गाडीवर तो “आलू कसे दिले?” असे विचारताना मी ऐकले. लष्कराच्या शेजारामुळे खडकीत हिंदीला तोटा नाही. पण लोणी काळभोरच्या शेतकऱ्याच्या पोराने बटाट्याला आलू म्हणावे? एक दिवस मी त्याला विचारलेच. “काय साळवे, तथागत म्हटलं की पुण्य दुप्पट लागतं का?”

तो हसला. “सवय आहे, काका.”

त्याची बायको रेखा एका रुग्णालयात परिचारिका. तिच्या पाळ्या अशा विचित्र असत की संध्याकाळचे घर साळवेच्याच हाती. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली मुलगी यशू सहा वर्षांची, आणि तिच्या पाठचा आनंद साडेतीन वर्षांचा. यशूने मला पहिल्याच आठवड्यात आजोबा ठरवून टाकले, माझे मत न विचारता. आणि त्यानंतर तिचा बाप माझ्यासाठी आपोआप ‘अहो साळवे’चा ‘अरे साळवे’ झाला.

मी स्वतः वंदनेबिंदनेला बसणारा माणूस नाही. धम्मावर घरात दोन कपाटे पुस्तके आहेत; ती वाचून झाल्यावर हात जोडायची गरज राहत नाही, असा माझा समज होता. पण संध्याकाळी सात वाजता समोरचे दार उघडे असे, आणि त्यांना वाचायला दिलेले वर्तमानपत्र परत आणायला गेलो की मला तिथे घुटमळावे लागे. आमच्या सगळ्यांच्या घरी असतात त्या दोन तसबिरी, त्यांच्याखाली हातभर उंचीची बुद्धमूर्ती, एक मेणबत्ती, एक उदबत्ती, आणि चटईवर तिघे. साळवे आधी म्हणणार, मुले मागून म्हणणार. पहिल्यांदा गेलो तेव्हा नमो तस्स तीनदा झाले, खणखणीत. मग ‘बुद्धं सरणं गच्छामि’ यायचे, आणि साळवे थांबला.

थांबला म्हणजे थांबलाच. डोळे मिटलेले, ओठ मिटलेले, हात जोडलेले. मला वाटले, विसरला. मेणबत्तीची ज्योत हलत होती, खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली, आणि मग त्याच्या तोंडून तो शब्द बाहेर आला. त्यावर मुलांनी लगेच म्हणायला हवे होते. तीही थांबली. बापाएवढाच वेळ. साडेतीन वर्षांचा आनंद, जो एरवी एका जागी दोन सेकंद ठरत नसे, तोही डोळे गच्च मिटून, गाल फुगवून थांबला. आणि मग दोघे एका दमात, “बुद्धं सरणं गच्छामि!” पुढचे सगळे सरळ. पुन्हा बुद्धाचे नाव आले की पुन्हा तसेच.

वंदना झाल्यावर मी यशूला हळूच विचारले, “मध्येच गप्प का बसता गं?”

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की दोन कपाटे पुस्तकांची मला लाज वाटली. “आजोबा, तिथे थांबायचं असतं. आपण बोलवल्यावर बुद्ध लगेच येतात का? लांबून येतात ना ते.”

मी मान डोलावली. ध्यानाचा काहीतरी प्रकार साळवेने कुठल्या शिबिरातून आणला असणार, असा निष्कर्ष काढून मी वर्तमानपत्र घेऊन घरी आलो. विद्वान माणसाला निष्कर्ष फार लवकर सापडतात.

त्यानंतर मात्र माझे वर्तमानपत्र रोजच सातच्या सुमारास समोर राहू लागले. ती वंदना म्हणजे शिस्तीचा नमुना होता असे कोणी समजू नये. मध्येच दूधवाला येई. मध्येच यशूचा पडायला आलेला दात दाखवायचा असे. एकदा पंचशीलाच्या ऐन तिसऱ्या शीलावर आनंदने जाहीर केले, “पप्पा, शी!” साळवे हात जोडलेलेच उठला, त्याला काखेत घेऊन निघाला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, “तथागत थांबतील, काका. शी थांबत नाही.” पाच मिनिटांनी दोघे परत आले आणि वंदना जिथे सुटली होती तिथून पुढे सुरू झाली. शेवटी आनंद मेणबत्तीवर फुंकर घाली, टाळ्या वाजवी आणि ओरडे, “हॅपी बड्डे तथागत!” मी साळवेला म्हटले, “अरे, त्याला सांग काहीतरी.” साळवे म्हणाला, “विझवायचीच असते ना, काका. तो हसत विझवतो. आपण नुसतीच विझवतो.”

पंचशीलाने त्या घरात जो गोंधळ घातला होता तो मी कुठल्या ग्रंथात वाचलेला नाही. पहिले शील प्राणिहिंसा न करण्याचे. त्यामुळे ओट्यावरच्या मुंग्यांना हाकलायला यशूची परवानगी लागे, आणि ती मिळत नसे. रेखा एकदा रात्रपाळी करून आली, तर साखरेच्या डब्याचे झाकण उघडे, आणि शेजारी पाटी : ‘मुंग्या जेवत आहेत’. “अहो,” ती साळवेला म्हणाली, “यांना म्हणावं, जेवण झालं की ताटं तरी घासून ठेवा.” चौथे शील खोटे न बोलण्याचे. आनंदला फोन उचलायची हौस. कारखान्यातला कोणी साहेब रविवारी फोन करून “पप्पा आहेत का?” विचारी, आणि आनंद सांगे, “आहेत. पण ते म्हणतात उचलू नको.” साळवे कपाळाला हात लावी आणि फोन घेई. त्याने मुलाला कधी रागावल्याचे मला आठवत नाही. “शिकवलंय मीच,” एवढेच म्हणे.

हळूहळू इमारतीतली, मग शेजारच्या वसाहतीतली मुले सातला येऊ लागली. चटई एकाची दोन झाली. वंदनेनंतर प्रत्येकाला मूठभर चुरमुरे मिळत, हेही कारण होतेच. पण चुरमुऱ्यांसाठी कोणी डोळे मिटून एवढे गप्प बसत नाही. दहा-अकरा पोरे, आणि त्या एका जागी सगळी चिडीचूप. जिन्यातून जाणारी माणसे चप्पल हळू टाकत.

हे सगळे असेच चालू राहिले असते, पण आमच्या विहाराच्या समितीला मुलांविषयी प्रेम उत्पन्न झाले.

विहार लहानसे आहे, वसाहतीच्या टोकाला, पत्र्याच्या छपराचे. कार्यकारिणीची नावे कोरलेली फरशी आतल्या बुद्धमूर्तीपेक्षा उंच आहे. अध्यक्ष सज्जन, पण सत्कार करून घेण्याची त्यांना अशी आवड की त्यांच्या घरी साठलेल्या शालींमुळे ते एप्रिलमध्येही थंडीची वाट पाहत असत. मी त्या समितीचा चिटणीस. कारण काय, तर मी वाचलेला माणूस, आणि वाचलेल्या माणसाचे अक्षर बरे असते. तर वैशाख पौर्णिमेला मुंबईहून मोठे निवृत्त अधिकारी प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. अध्यक्षांनी ठरवले की सुरुवातीची सामुदायिक वंदना एका लहान मुलीने माइकवरून सांगावी. पाहुण्यांवर छाप पडेल. मुलगी कोण? साळवेची यशू. तिची वंदना पाठ आहे, हे साऱ्या वसाहतीला ठाऊक होते.

तालमीला मी होतो. साळवे मागे दाराशी उभा होता, आनंदचे बोट धरून. यशू माइकसमोर उभी राहिली, नमो तस्स म्हणाली, आणि थांबली.

“म्हण बाळा,” अध्यक्ष म्हणाले.

यशू डोळे मिटून उभी.

“अगं, पुढे म्हण. बुद्धं सरणं. विसरली वाटतं.”

यशूने एक डोळा उघडला. “विसरले नाही. थांबलेय.” आणि पुन्हा डोळा मिटून, वेळ झाल्यावर, म्हणाली. दुसऱ्यांदा नाव आले, पुन्हा थांबली. अध्यक्षांच्या शेजारी बसलेले उपाध्यक्ष हळू बोलतो आहोत अशा समजुतीने म्हणाले, “साळवेचीच ना ही? तरुणपणी विहारात अडताना पाहिलंय मी त्याला. बापाचं तोतरेपण उतरलंय पोरीत. रोज तोच शिकवतो म्हटल्यावर दुसरं काय होणार?”

“अरेरे,” अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांना खरेच वाईट वाटले, हीच त्यांची अडचण. ते साळवेकडे वळले. “दिनकरराव, एक सांगू? आजकाल मोबाइलवर सुंदर ध्वनिमुद्रण मिळतं. शुद्ध उच्चार, मागे संगीत. मुलांना ते लावत जा. तुम्ही नका सांगत जाऊ. मुलांच्या भल्यासाठी म्हणतोय. आणि पौर्णिमेला आपणही तेच लावू.”

साळवेचा चेहरा मी पाहिला. त्याने मान हलवली, यशूचा हात धरला आणि तो निघाला. मीही निघालो, म्हणून पुढचे मला ऐकू आले. रस्त्यावर यशूने विचारले, “पप्पा, तोतरं म्हणजे काय?”

साळवेने आनंदला कडेवर घेतले आणि तो भराभर चालू लागला. मी त्या क्षणी माझे सगळे निष्कर्ष एकेक करून मोडत होतो.

दुसऱ्या दिवसापासून समोरून सातला एक भरदार आवाज येऊ लागला. मागे बासरी, घुमणारा नाद, उच्चार निर्दोष. मूर्तीसमोर फोन उभा, आणि साळवे मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसलेला. पहिले दोन दिवस मुले आली. मग आपापल्या घरी राहिली. चुरमुरे त्यांच्याही घरी होते. आनंद वंदनेच्या मध्येच उठून गाडी खेळू लागला, आणि त्याला कोणी परत बोलावले नाही. आठव्या की नवव्या दिवशी मी वर्तमानपत्र आणायला गेलो, तर यशू त्या फोनवर ओरडत होती.

“थांब ना! हा माणूस थांबतच नाही! अजून बुद्ध आलेच नाहीत आणि हा पुढे गेला!” आणि ती रडू लागली. लहान मुले हट्टाने रडतात तसे नव्हे. आपल्या माणसाला चुकून मागे ठेवून गाडी सुटल्यावर रडावे तसे.

त्यानंतर साळवे माझ्याकडे आला. रेखा घरी होती, मुले तिच्याजवळ होती. तो खुर्चीवर बसला आणि टेबलावरच्या पेनाचे टोपण काढत-घालत राहिला. मग म्हणाला, “काका, एका अक्षराशी माझं जमत नाही.”

“कुठल्या?”

त्याने टेबलावरचे वर्तमानपत्र ओढले आणि कोऱ्या कडेवर पेनने एक अक्षर काढले : ब.

शब्दाच्या मध्ये असेल तर त्रास नाही. सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणायचे असेल तरी नाही. पण शब्द त्या अक्षराने सुरू व्हायचा असला आणि आपण एकटे बोलत असलो, की गळ्यात कोणी कडी घालते. लहानपणी मास्तरांनी त्याला वर्गासमोर त्याच अक्षराची बाराखडी म्हणायला उभे केले होते. “तास संपला, काका. मी पहिल्याच घरात.” पुढे तरुणपणी एकदा विहारात वंदना सांगायला उभा राहिला, तर माणसे हसली. दुष्टपणाने नाही, हसू आले म्हणून हसली. तेव्हापासून त्याने त्या अक्षराचे सगळे शब्द घराबाहेर काढले होते. त्यांच्या जागी दुसरे आणून ठेवले होते. मी मागचे सगळे वर्ष मनातल्या मनात आठवून पाहिले. वंदना सोडली तर त्या अक्षराने सुरू होणारा शब्द मी त्याच्या तोंडून खरोखरच ऐकला नव्हता, एकही. ज्याला मी दिमाख समजत होतो ती त्या माणसाची आडवाट होती.

“वंदनेत मात्र शब्द नाही हलवता येत,” तो म्हणाला. “आणि मुलांना शिकवायची तर मलाच. रेखाच्या पाळ्या. म्हटलं, घरातच तर आहे. कोण ऐकतंय? माझ्यापुरतं ठीक आहे, काका. चाळीस वर्षं आलू खाऊन काढली. पण मुलांना हे नको. तथागतांचं नाव शिकवायला गेलो आणि माझी खोड देऊन ठेवली.”

“अरे, यशू दिवसभर बोलत असते. कुठे अडते का?”

“अजून नाही. उद्या?”

तेव्हा मला ते आठवले, आणि इतके दिवस मी ते जवळ ठेवून होतो याचा राग आला. मी त्याला यशूचे उत्तर सांगितले. तिथे थांबायचे असते. बुद्ध लगेच येत नाहीत. लांबून येतात.

साळवेने पेन खाली ठेवले. “असं म्हणाली?”

“शब्दशः.”

“कधी?”

“झालं की वर्ष.”

“आणि तुम्ही मला आज सांगता?” वर्षभरात तो माझ्यावर चिडल्याची ही एकच वेळ. मग त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. “म्हणजे ती माझी नक्कल नव्हती करत.”

“नाही रे. तिला ठाऊकच नाही की तू अडतोस. तिला वाटतं, सगळ्या जगात वंदना अशीच असते.”

दुसऱ्या दिवशी सातला बासरी वाजली नाही. रेखा दारात उभी होती. मला पाहून म्हणाली, “या काका. त्या फोनची ड्युटी संपली.” मग आत नवऱ्याकडे बोट दाखवून, “मी काल रात्रीच यांना म्हटलं, अहो, आमच्या वॉर्डात मोठी माणसं मिनिटभर शांत पडून राहत नाहीत. तुमची साडेचार वर्षांची पोरं राहतात. आणि हे तुम्ही बंद करायला निघालात?” चटईवर तिघे बसले होते. नमो तस्स झाले. मग शांतता. त्या दिवशी मीही चटईच्या कडेला बसलो. गुडघे कुरकुरले, पण त्यांची दखल कोणी घेतली नाही.

मेणबत्ती विझल्यावर साळवे म्हणाला, “काका, कार्यक्रमपत्रिका छापायला गेली?”

“उद्या जाईल.”

“माझं नाव घाला. सामुदायिक वंदना. मी आणि मुलं.”

“अरे, तीनशे माणसं असतात.”

“माहितीये. यशूला जायचंय. तिला एकटीला त्या माइकसमोर नाही सोडणार. थांबायचंच असेल तर दोघं थांबू.”

“आणि अडकलास तर?”

“अडकणारच, काका. त्यात ‘तर’ नाही.”

मी आयुष्यात बंड केलेले नाही. त्या पत्रिकेत मी ध्वनिमुद्रणाच्या जागी साळवेचे नाव लिहिले, कोणालाही न विचारता छापून आणले, आणि कार्यक्रमाच्या सकाळी मांडवाच्या दारात पत्रिका वाटल्या. अध्यक्षांनी ती वाचली तेव्हा पाहुणे गाडीतून उतरत होते, त्यामुळे त्यांना माझ्याकडे फक्त पाहता आले.

मांडव भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, पंखे गरम हवा इकडची तिकडे करत होते. साळवे माइकसमोर उभा राहिला. एका बाजूला यशू, दुसऱ्या बाजूला आनंद, पुढे खाली बसलेली वसाहतीतली आठ-नऊ पोरे. नमो तस्स तीनदा झाले. तीनशे गळ्यांनी साथ दिली. मग ते नाव आले.

साळवेचे ओठ मिटले.

पहिले दोन सेकंद कोणाच्या लक्षात येत नाहीत. मग माणसे चुळबुळतात. साळवेच्या मानेची शीर ताणलेली मला दिसत होती. व्यासपीठावर अध्यक्षांचा हात ध्वनिक्षेपकवाल्याला खूण करायला वर आला. उपाध्यक्ष पाहुण्यांच्या कानाशी वाकले. स्टेशनवरची घोषणा स्पष्ट ऐकू आली. लोणावळ्याची गाडी तिसऱ्या फलाटावर येत होती. आणि साळवेच्या पुढ्यातली सगळी मुले डोळे मिटून, हात जोडून, निवांत थांबली होती. घाई फक्त मोठ्यांना होती.

पहिल्या रांगेत एक म्हातारी बसली होती. तिने मुलांकडे पाहिले आणि स्वतःचे डोळे मिटले. तिच्या शेजारणीने मिटले. मग मागची रांग, मग तिच्या मागची. अध्यक्षांचा हात वर होता तिथेच राहिला, कारण पाहुण्यांनी डोळे मिटले होते. आणि पाहुण्यांनी जे केले ते अध्यक्षांना करणे भाग होते. चुळबूळ थांबली. ती शांतता एका माणसाच्या गळ्यात अडकलेली राहिली नाही. ती सगळ्या मांडवाची झाली. मी चिटणीस, लक्ष ठेवणे माझे काम, म्हणून मी डोळे उघडे ठेवले होते. ते कधी मिटले ते मला कळले नाही. त्यामुळे साळवेने तो शब्द कसा उच्चारला, हे मी पाहिलेले नाही. फक्त ऐकला. पूर्ण, अखंड, सहज.

आणि मग मुले थांबली म्हणून तीनशे माणसे थांबली, आणि मुले म्हणाली तेव्हा तीनशे माणसे म्हणाली. मांडवाचे कापड हलल्यासारखे वाटले. दुसऱ्यांदा नाव आले तेव्हा सगळे आधीच तयार होते. तिसऱ्यांदा साळवे अडला की थांबला, हे मला आजही सांगता येणार नाही. बहुधा त्यालाही नाही.

पाहुण्यांचे भाषण लांबले, पण त्यात एक वाक्य मौल्यवान होते. ते म्हणाले, “नाव घेण्याआधी मौन पाळण्याची आपल्या विहाराची ही पद्धत मी इतरत्र कुठे पाहिली नाही. ती फार प्राचीन असावी.” अध्यक्ष उठले, माइक ओढला आणि म्हणाले, “आमच्या विहाराची ती जुनी परंपरा आहे.” मी इतिवृत्तात तसेच लिहिले. इतक्या आनंदाने खोटे मी सरकारी नोकरीतही लिहिले नव्हते. चौथ्या शीलामुळे ते पान यशूला दाखवले नाही, एवढेच.

खिरीच्या पंगतीत लोक साळवेभोवती गोळा झाले. एका तरुणाने वही काढून विचारले, “सर, नेमकं किती वेळ थांबायचं, हे तुम्ही कसं ठरवता?”

साळवेने आनंदच्या तोंडाला लागलेली खीर पुसली. “ते आपण नाही ठरवत,” तो म्हणाला.

मी घरी येऊन हे वाक्य पुस्तकांच्या दोन्ही कपाटांत शोधले. सापडले नाही.

मागच्या वर्षी त्याची बदली झाली, दूरच्या राज्यातल्या कारखान्यात. सामान ट्रकात चढले, यशूने मला पंचशील नीट पाळायची ताकीद दिली, आणि साळवे म्हणाला, “येतो, काका.” नेहमीप्रमाणे दोनच शब्द. महिन्याभरात त्याचा फोन आला. नवीन जागी सातला शेजारची तीन मुले येतात; भाषा वेगळी आहे त्यांची, पण थांबायला भाषा लागत नाही, असे यशूचे मत आहे. समोरच्या बिऱ्हाडात आता दोन संगणक अभियंते राहतात. सभ्य मुले आहेत. सातला ती घरी नसतात.

या वैशाख पौर्णिमेला वंदना सांगायला अध्यक्ष स्वतः उभे राहिले. खांद्यावर शाल, समोर माइक, पाहुणे खोळंबलेले. नमो तस्स झाले आणि त्यांनी घाईघाईने पुढचे म्हटले. मागून काहीच आले नाही. त्यांनी वळून पाहिले. पहिल्या दोन रांगांत वसाहतीतली मुले बसली होती, आणि त्यांच्यातली निम्मी तरी साळवेला ओळखतही नव्हती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. अध्यक्षांनी घसा खाकरला. कोणी हलले नाही. पुढच्या रांगेतली एक चार वर्षांची मुलगी डोळे न उघडताच, समजुतीच्या सुरात म्हणाली, “थांबा हं. येतायत.”

अध्यक्ष थांबले.